अंबडचा ठिबक कंट्रोलर, दिंडोरीचा बागायतदार आणि न सापडणारा सोर्स

केस नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटची आहे. नाव नाही सांगत. मालकांना मी अण्णा म्हणतो, इथंही तेच लिहितो. माल म्हणजे द्राक्षबागेसाठीचा कंट्रोलर. प्लास्टिकचा वॉटरप्रूफ बॉक्स, आत लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा बोर्ड, बाहेर तापमान, आर्द्रता, पानांवरचा ओलावा आणि पाऊस मोजणारे सेन्सर, शिवाय ठिबकचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारी रिले कार्डं. हवामान बघून डावणी-भुरी या द्राक्षरोगांचा धोका किती ते बॉक्स सांगतो आणि शेतकऱ्याला मोबाईलवर ग्राफ दिसतात. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव साइडला बऱ्यापैकी खपलाय. माल चांगला आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचताना वाटेल की सगळा गोंधळच होता.

सुरुवात एका मेलने झाली. दिंडोरी तालुक्यातला एक बागायतदार, शिकलेला इंजिनियर, आता पूर्णवेळ बाग बघतो. ऑक्टोबर छाटणी झालेली, फुलोऱ्याच्या आधीचे दिवस, आणि त्याच्या शिवारात बॉक्समधला फोरजी डोंगल सारखा डिसकनेक्ट व्हायचा. त्याने दुसऱ्या कंपनीचा डोंगल आणला, पण त्याला लागणारं कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायचा छोटा प्रोग्रॅम) बॉक्समध्ये नव्हतं. त्याने बॉक्सला लॅपटॉप लावला, आत ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसारख्या छोट्या उपकरणांसाठीचं लिनक्स) दिसलं, त्यांच्या साइटवरून ते मॉड्यूल उतरवलं आणि टाकायला गेला तर ते बसेचना. एरर अशी की हे मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बनलंय तो कर्नल हा नाही. ज्यांनी ओपनडब्ल्यूआरटी हाताळलंय त्यांना हे ओळखीचं असेल: तिथं प्रत्येक कर्नल मॉड्यूल एका ठराविक कर्नल बिल्डच्या हॅशला, म्हणजे त्या बिल्डच्या ओळखखुणेला, बांधलेलं असतं, तुम्ही कर्नलच्या सेटिंगमध्ये दोन-चार पर्याय जरी बदलले तरी हॅश बदलतो आणि बाहेरचं मॉड्यूल चालत नाही. म्हणजे त्याला अण्णांच्या युनिटने ज्या कॉन्फिगवर, म्हणजे सेटिंगवर, कर्नल बनवला तीच कॉन्फिग आणि तोच सोर्स (मूळ कोड) हवा होता, त्याशिवाय डोंगल चालणारच नव्हता.

मेल अगदी सभ्य होता. सर, बॉक्समधला कर्नल आणि बिझीबॉक्स जीपीएल व्हर्जन २ खाली येतात, तर माझ्या बॉक्समधल्या इमेजचा सोर्स आणि बिल्डची कॉन्फिग फाइल मिळेल का, एवढंच. (जीपीएल म्हणजे सोर्स देण्याच्या अटीवर सॉफ्टवेअर बदलू-वाटू देणारं लायसन्स, बिझीबॉक्स म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या कमांडांचा छोटा संच, आणि इमेज म्हणजे बोर्डवर चढवायची सगळ्या सॉफ्टवेअरची एक फाइल.)

ऑफिसमधून उत्तर गेलं की हे आमच्या कंपनीच्या खासगी मालकीचं सॉफ्टवेअर आहे, देता येणार नाही, आणि बॉक्स उघडल्यामुळे तुमची वॉरंटी संपली. हे उत्तर गेलं नसतं तर मला वाटतं प्रकरण तिथंच दोन फोनमध्ये मिटलं असतं. पठ्ठ्याने उलट मेलमध्ये लायसन्सचं तिसरं आणि चौथं कलम पेस्ट केलं, आणि खाली एकच वाक्य, की तुम्ही हे पाळत नसाल तर हे बॉक्स विकायची परवानगीच तुमच्याकडे उरत नाही. तेव्हा अण्णांनी मला फोन केला.

अण्णांचं म्हणणं काय होतं

पहिलं: हे सगळं नेटवर फुकट मिळतं, मग लायसन्स कसलं? दुसरं: सोर्स दिला की उद्या शेजारच्या सातपूर एमआयडीसीतला कोणीही सेम बॉक्स काढेल. तिसरं त्यांच्या वकिलांचं, आणि हे ऐकायला दमदार वाटतं: आम्ही कुठं सही केली नाही, मग बंधन येतंच कुठून?

वकिलांच्या मुद्द्याचं उत्तर जीपीएलमध्येच लिहिलेलं आहे. व्हर्जन २ चं पाचवं कलम म्हणतं की तुम्ही सही केलेली नाही, त्यामुळे हे लायसन्स स्वीकारायची सक्ती तुमच्यावर नाहीच, पण सॉफ्टवेअर बदलायची किंवा वाटायची परवानगी देणारी दुसरी कुठलीही गोष्ट तुमच्याकडे नाही. म्हणजे लायसन्स नाकारलं की उरतो तो आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृती म्हणून धरलेला आहे, आणि मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या प्रती काढून विकणं हे सरळ उल्लंघन होतं. वकील हुशार माणूस, पाचवं कलम वाचलं आणि पुन्हा तो मुद्दा काढला नाही. बाहेरच्या कोर्टात हे टिकतं का असंही त्यांनी विचारलं. टिकतं. जर्मनीत म्युनिकच्या कोर्टाने २००४ मध्येच जीपीएल ग्राह्य धरलं, आणि फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२४ ला पॅरिसच्या अपील कोर्टाने ऑरेंज या टेलिकॉम कंपनीला जीपीएल मोडल्याबद्दल साडेसहा लाख युरो भरायला लावले.

फुकटच्या मुद्द्यावर अण्णांना मी एवढंच सांगितलं की बॉक्स तुम्ही वीस हजाराला विका नाहीतर दोन लाखाला, जीपीएल त्यात बोट घालत नाही. अट पैशाची नाहीच. ज्याला तुम्ही बॉक्स दिला त्याला त्यातल्या जीपीएल भागाचा सोर्स मिळाला पाहिजे, आणि तो त्याने बदलला किंवा पुढे कोणाला दिला तर तुम्ही अडवायचं नाही.

त्यावर अण्णांनी आपला नाशिककरी तोडगा काढला. देऊ की सोर्स, पण त्याच्याकडून पाचशेच्या बॉण्डवर लिहून घेऊ की पुढे कोणाला देणार नाही म्हणून. नाही चालत. सहावं कलम म्हणतं की घेणाऱ्याच्या हक्कांवर तुम्ही जादा बंधन घालू शकत नाही, तो बॉण्डच लायसन्स मोडल्याचा लेखी पुरावा झाला असता, तोही नोटरी करून.

आणि एक गंमत त्यांना मुद्दाम सांगितली. ज्या ओपनडब्ल्यूआरटीवर त्यांचा धंदा उभा आहे ते आलंच मुळी अशा मागणीतून. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी ५४ जी राउटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, सोर्स द्या म्हणून लोक मागे लागले, कंपनीने शेवटी दिला, आणि त्या सोर्सवरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. नावातलं डब्ल्यूआरटी तिथलंच. अण्णा हसले, पण लगेच म्हणाले, ते ठीक आहे हो, सातपूरवाल्यांचं काय?

बॉक्समध्ये नक्की काय काय होतं

सातपूरवाल्यांच्या भीतीसाठी बॉक्समधला एकेक तुकडा काढून बघावा लागला. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात हाच भाग महत्त्वाचा, कारण बहुतेक लोक बॉक्समधलं सगळं सॉफ्टवेअर म्हणजे एकच वस्तू असं धरून चालतात आणि मग एकतर सगळं द्यायला घाबरतात नाहीतर काहीच देत नाहीत.

अण्णांचा जीव ज्यात अडकलेला तो म्हणजे डावणी-भुरीचा अंदाज काढणारा प्रोग्रॅम. द्राक्षातल्या एका जाणकाराबरोबर बसून त्यांनी ते आकडे बसवलेत, किती तास ओलावा राहिला आणि तेव्हा तापमान किती होतं वगैरे. हा प्रोग्रॅम वेगळा, कर्नलच्या वर चालतो, सेन्सरच्या फाइली वाचतो आणि रिले कार्डांना हुकूम देतो. लिनक्स कर्नलच्या लायसन्ससोबतच खुलासा आहे की नेहमीच्या सिस्टीम कॉलमधून कर्नलची सेवा घेणारे प्रोग्रॅम कर्नलपासून बनलेले धरले जाणार नाहीत. आणि एकाच इमेजमध्ये दोन स्वतंत्र प्रोग्रॅम शेजारी शेजारी बसलेत एवढ्यावरून एकाचं लायसन्स दुसऱ्याला लागत नाही हे जीपीएलच्या दुसऱ्या कलमात आहे. म्हणजे अंदाजाचा सोर्स द्यायची गरजच नव्हती. अण्णांचा अर्धा बीपी इथंच उतरला.

पण त्याच प्रोग्रॅममध्ये एक काडी होती. रिले कार्डांशी मॉडबसवर (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची एक पद्धत) बोलायला लिबमॉडबस ही लायब्ररी, म्हणजे तयार कोड, वापरलेली, तिचं लायसन्स एलजीपीएल २.१. ही लायब्ररी तुमच्या बंद प्रोग्रॅमबरोबर चालते, फक्त गिऱ्हाइकाला ती लायब्ररी बदलून पुन्हा जोडता आली पाहिजे. ज्या फ्रीलान्सरने हे बनवलं त्याने ती स्टॅटिक जोडलेली, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅमच्या पोटातच मुरलेली. तशी ठेवायची तर प्रोग्रॅमच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल केलेले, अजून न जोडलेले तुकडे) गिऱ्हाइकाला द्याव्या लागतात. सोपा मार्ग म्हणजे लायब्ररी शेअर्ड ठेवायची, वेगळी फाइल म्हणून. मेकफाइलमध्ये एक ओळ बदलली, इमेज काही केबी वाढली, विषय संपला. कोणी सांगितलंच नसल्यामुळे राहिलेलं काम होतं ते, दुसरं काही नाही.

खरं दुखणं पावसाच्या सेन्सरमध्ये निघालं. पर्जन्यमापकाचे पल्स मोजायला एक छोटं कर्नल मॉड्यूल लिहिलेलं होतं. म्हणजे लिहिलेलं असं मला सांगितलं होतं. फाइल उघडली तर पहिल्या ओळी युनिटच्या नावाच्या, ऑल राइट्स रिझर्व्ह्ड, आणि खालचा कोड बघताना व्हेरिएबलची नावं ओळखीची वाटायला लागली. कर्नलच्याच सोर्समधल्या एका जुन्या ड्रायव्हरची फाइल उचललेली, मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि जीपीएलचा उल्लेख उडवलेला, वर आपलं नाव. आणि खाली शेवटी मात्र मॉड्यूल लायसन्सच्या मॅक्रोमध्ये जीपीएल असंच लिहिलेलं, कारण तसं लिहिलं नाही तर कर्नलमधली काही फंक्शन त्या मॉड्यूलला वापरूच देत नाहीत! वर एक आणि खाली एक. कोड बदलायला जीपीएलची ना नाही, पण मूळ सूचना जशाच्या तशा ठेवायच्या आणि बदललेल्या फाइलवर कोणी कधी बदल केला ते लिहायचं, एवढी माफक अट आहे. ही फाइल पूर्ण जीपीएलखाली द्यायची हे ठरलं. मूळ लेखकाची ओळ परत आली, तिच्याखाली युनिटची ओळ तारखेसकट. पल्स मोजण्यात तसंही काही गुपित नव्हतं.

सेटिंगची वेब पानं लुसी या इंटरफेसवरून केलेली, ते अपाचे २.० या लायसन्समध्ये येतं. तिथं सोर्स द्यायची सक्ती नाही, लायसन्सची प्रत आणि मूळ सूचना ठेवा, काय बदललं ते सांगा, झालं.

सर्व्हरकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. शेतकऱ्याला मोबाईलवर जे ग्राफ दिसतात ते ग्राफाना या तयार सॉफ्टवेअरमधून, आणि ग्राफाना २०२१ पासून एजीपीएल व्हर्जन ३ खाली आहे. जीपीएल लागतं ते सॉफ्टवेअरची प्रत दुसऱ्याच्या हातात जाते तेव्हा. स्वतःच्या सर्व्हरवर चालवून नुसती पानं दाखवली तर जीपीएल काही मागत नाही. एजीपीएलचं तेरावं कलम ही फट बुजवतं: तुम्ही प्रोग्रॅम बदलला आणि लोक नेटवर्कवरून तो वापरतायत, तर त्या लोकांना बदललेल्या व्हर्जनचा सोर्स मिळायची सोय पाहिजे. न बदलता वापरला तर हे कलम लागत नाही. आता अण्णांच्या युनिटने बदललं काय होतं? तर ग्राफानाचा लोगो काढून स्वतःचा लावलेला, कोडमध्ये हात घालून. एका लोगोपायी. मी म्हटलं मूळ ग्राफाना जसाच्या तसा टाका आणि तुमचा लोगो बाहेरच्या पानावर लावा. त्याच संध्याकाळी झालं.

सोर्स द्यायचाय, पण आहे कुठं

इथपर्यंत अण्णा तयार झाले. द्या म्हणाले. आणि मग कळलं की द्यायला युनिटकडे काही नाहीच.

ही इमेज बनवलेली त्या फ्रीलान्सरने, त्याच्या लॅपटॉपवर. युनिटकडे पेनड्राइव्हमध्ये फक्त तयार बिन फाइल, तीच फाइल प्रत्येक बोर्डवर चढवायची. जीपीएलमध्ये सोर्स म्हणजे नुसता कोड नाही, तो बिल्ड करायला आणि बसवायला लागणाऱ्या स्क्रिप्टही त्यात येतात. आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर आहे सगळं, तिथून घ्या, असं म्हणूनही सुटका नव्हती, तशी बोटं दाखवायची सवलत फक्त धंदा न करता वाटणाऱ्यांना आहे, धंदा करणाऱ्याने एकतर सोर्स सोबत द्यायचा नाहीतर निदान तीन वर्षं टिकणारी लेखी ऑफर द्यायची. शिवाय इथं कॉन्फिग बदललेली, मॉड्यूल घातलेलं, साइटवरच्या सोर्समधून ही इमेज बनणारच नव्हती.

फ्रीलान्सर आता पुण्यात नोकरीला. फोन केला तर आधी थोडा कचरला, जुन्या पेमेंटचं काहीतरी राहिलेलं होतं, ते अण्णांनी मिटवलं. लॅपटॉप फॉरमॅट झालेला. सुदैवाने एका जुन्या हार्डडिस्कवर त्याचा बिल्डचा फोल्डर सापडला. आम्ही बॉक्सच्या सिरियल पोर्टवर जाऊन ओपनडब्ल्यूआरटीच्या रिलीज फाइलमधून रिव्हिजन नंबर काढला, त्या कमिटवरचा (कोडच्या नेमक्या त्या टप्प्याचा) मूळ कोड आणला, फोल्डरमधली डॉट कॉन्फिग आणि पॅच (कोडमधले बदल) त्यावर चढवले, आणि बिल्ड लावलं. पहिल्यांदा तर अर्ध्यातच पडलं, कारण एका पॅकेजची टारफाइल (कोडची बांधलेली फाइल) मूळ जागेवरून गायब झालेली, ती त्याच्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये मिळाली म्हणून वाचलो. शेवटी जी इमेज निघाली तिच्या कर्नलचा हॅश बॉक्समधल्या हॅशशी जुळला. हॅश जुळला तेव्हा अण्णा माझ्या मागेच उभे होते, काय झालं ते त्यांना नीट कळलं नाही पण माझ्या तोंडाकडे बघून चहा मागवला.

यात अण्णांचा स्वतःचा धोका केवढा होता बघा. समजा तो बागायतदार मेल न करता गप्प बसला असता आणि उद्या कर्नलमध्ये एखादा सुरक्षेचा पॅच टाकायची वेळ आली असती, तर युनिटला स्वतःच्याच बॉक्सची इमेज बनवता आली नसती.

फ्रीलान्सर सापडल्यावर आणखी एक गोष्ट वर आली, आणि वकील साहेबांनी ती काढली, श्रेय त्यांचं. आपल्या कायद्यात कामावर असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक म्हणजे नोकरी देणारा. पण बाहेरच्या माणसाकडून ठोक पैशात करून घेतलेल्या प्रोग्रॅमचं तसं नाही, लेखी करार नसेल तर कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो. आणि करार तर नव्हताच, होती व्हॉट्सअपवरची बोलणी आणि जीपेच्या एंट्र्या. म्हणजे ज्या अंदाजाच्या प्रोग्रॅमवरून सातपूरवाल्यांची एवढी धास्ती, तो कागदोपत्री अण्णांचा नव्हताच. मग हस्तांतरणाचा लेख केला, दोघांच्या सह्या, आणि मुदत व प्रदेश मुद्दाम लिहिला. ते लिहिलं नाही तर कॉपीराइट कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे मुदत पाच वर्षं आणि प्रदेश फक्त भारत असं धरलं जातं, आणि अण्णांचं तर पुढेमागे बाहेरच्या देशात माल पाठवायचं चाललंय.

काय दिलं, काय राहिलं

बागायतदाराला सगळा बिल्डचा फोल्डर दिला, टारफाइल, कॉन्फिग, पॅच, पावसाच्या सेन्सरचं मॉड्यूल आणि एक साधी टेक्स्ट फाइल, कुठली कमांड कुठल्या क्रमाने. अंदाजाचा प्रोग्रॅम आणि त्याचा सोर्स त्यात नव्हता, त्यानेही मागितला नव्हता, कधीच. त्याने डोंगलचं मॉड्यूल बनवलं, डोंगल चालला, आणि अण्णांनी तेच मॉड्यूल पुढच्या इमेजमध्ये घालून बाकीच्या गिऱ्हाइकांना अपडेट पाठवला, त्याला सांगूनच. वॉरंटीचं पत्रही मागे घेतलं. बदललेल्या सॉफ्टवेअरची हमी देणं जीपीएल मागत नाही, पण हार्डवेअरची वॉरंटी बॉक्स उघडला एवढ्यावरून काढणं मला तरी पटलं नव्हतं.

आता नव्या प्रत्येक बॉक्ससोबत वॉरंटी कार्डाच्या मागे मराठीत आणि इंग्रजीत लेखी ऑफर छापलेली असते, कुठल्या इमेजचा सोर्स कुठं मागायचा ते. जीपीएलची प्रत बॉक्समध्येच एका पानावर. इमेजचा व्हर्जन नंबर स्टिकरवर, आणि तो नंबर गिटमधल्या (कोडच्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) टॅगशी जुळतो. पॅकिंगच्या मुलीला हे सांगायला सगळ्यात कमी वेळ लागला.

मागचं झालं त्याचं काय, हा प्रश्न वकिलांनी बरोबर विचारला. व्हर्जन २ मध्ये अट मोडली की तुमचे हक्क आपोआप जातात आणि परत कसे मिळतात ते लिहिलेलंच नाही. व्हर्जन ३ मध्ये ते सुधारलंय, चूक थांबवली आणि ६० दिवसांत कोणी तक्रार केली नाही तर हक्क कायमचे परत, किंवा पहिल्यांदाच नोटीस आली आणि ३० दिवसांत दुरुस्ती केली तरी परत. कर्नलच्या बऱ्याच डेव्हलपरांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर केलं की व्हर्जन २ असलं तरी आम्हीही हीच सवलत देऊ. ज्यांनी ते मान्य केलंय त्यांच्या कोडपुरता अण्णांना आधार आहे. बिझीबॉक्सवाल्यांनी मात्र अमेरिकेत २००७ पासून केसेस टाकलेल्या आहेत, तेव्हा तिथं गाफील राहायचं नाही असं मी स्पष्ट सांगितलं.

दोन गोष्टी अजून लोंबकळतायत. पहिल्या लॉटच्या बॉक्समध्ये याच्याही आधीची इमेज होती आणि तिचा फोल्डर कुठंच मिळाला नाही. त्या गिऱ्हाइकांना नवी इमेज फुकट चढवून द्यायचं चाललंय, पण जुन्या इमेजचा सोर्स कोणी मागितला तर द्यायला नाही, हे कागदावर अपूर्णच राहतं, आणि नवी चढवली म्हणून जुनं फिटलं असं मी म्हणणार नाही. दुसरं म्हणजे बूटलोडर, बोर्ड सुरू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम. इथला बूटलोडर यू-बूट, तोही जीपीएल, बोर्ड विकणाऱ्या चिनी कंपनीने ते तयार बिन देऊन टाकलेलं, सोर्सशिवाय. अण्णा तिथं स्वतःच गिऱ्हाइक, म्हणून त्यांनीही सोर्स मागितला. बरेच दिवस गेल्यावर एक झिप आली, ती बिल्ड होत नाही. त्या चिपचा सपोर्ट मूळ यू-बूटमध्ये आहे, त्यामुळे पुढच्या लॉटसाठी आम्ही आपणच बनवतोय, टेस्टिंग चालू आहे, रीसेट दाबून ठेवल्यावरचा रिकव्हरी मोड अजून नीट चालत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीच्या आत झालं तर पहिल्या लॉटचे बॉक्स परत आणून बूटलोडरसकट बदलून द्यायचे असं ठरलंय. चिनी कंपनीला दुसरा मेल गेलाय, त्यात तिसरं आणि चौथं कलम अण्णांनी स्वतः पेस्ट केलंय.